उत्तरेच्या भिंतीजवळ

आमच्या किलताव्हरचा मठ पुढून कुलूपबंद आणि मागून सताड उघडा आहे. हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, माझ्या गाईंना ठाऊक आहे, फक्त डब्लिनच्या पुरातत्त्व कार्यालयाला ठाऊक नाही. त्यांच्या फायलीत १९११ सालचा एक नकाशा आहे आणि त्यात चारही भिंती ठणठणीत उभ्या आहेत. डब्लिनच्या लेखी एखादी भिंत पडायची असेल, तर तिला आधी फायलीत पडावं लागतं.

पुढच्या बाजूला लोखंडी फाटक आहे. दर तीन वर्षांनी कुणीतरी येऊन त्याला हिरवा रंग फासून जातो. फाटकावर पाटी होती: 'राष्ट्रीय स्मारक. नासधूस करणाऱ्यास शिक्षा होईल. किल्ली पंपासमोरच्या घरात मिळेल.' पंपासमोरचं घर म्हणजे डीलिया गॉहनचं. मागच्या बाजूला माझं शेत. तिथे, उत्तरेकडची भिंत असायला हवी त्या जागी, ट्रॅक्टर आरामात जाईल एवढं खिंडार आहे. पाऊस आला की माझ्या गाई त्यातून आत शिरतात आणि वेदीच्या जागी जाऊन उभ्या राहतात. आमच्या मेयो परगण्यात पाऊस किती पडतो ते बघता गावातल्या कुठल्याही कॅथलिक माणसापेक्षा माझ्या गाईंची हजेरी जास्त भरेल.

डीलिया अठ्ठ्याहत्तर वर्षांची. लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूने तिच्या हातात दोन गोष्टी दिल्या, नवरा आणि किल्ली. नवरा, पॅकी, अकरा वर्षांपूर्वी गेला. मुली दोन, एक पर्थला, एक टोरोंटोला, दोघी रविवारी फोन करतात. उरली किल्ली. वीतभर लांब, काळी. येशूच्या तसबिरीखाली एका खिळ्याला ती टांगलेली असायची.

मठ बघायला आलेला माणूस पाटी वाचायचा, इकडे तिकडे बघायचा आणि डीलियाचं दार वाजवायचा. पुढचं सगळं ठरलेलं.

"या, या. पाय पुसा. नाही पुसलेत तरी चालेल, अमेरिकन ना तुम्ही? किल्ली का? देते की, ती कुठे पळून जातेय! बसा आधी. चहा घेणार?"

इथे आमच्याकडे माणूस दोनदा 'नको' म्हणतो आणि तिसऱ्यांदा पितो. अमेरिकनांना ते माहीत नसतं, पण डीलिया त्यांच्या उत्तराची वाट बघतच नाही. एकदा एका जर्मन माणसाने 'नको' म्हटलं आणि त्याला खरंच नको होता. डीलिया महिनाभर ज्याला त्याला ते सांगत होती.

चहाबरोबर तिने सकाळी भाजलेला सोडा ब्रेड, वर बोटभर लोणी. मग ती समोर बसायची आणि विचारायची, "तुमची माणसं कुठली?"

पाहुणा आपलं आडनाव सांगायचा. डीलिया डोळे मिटायची. "ड्वायर... ड्वायर... थांबा हं. कुणाकडून, आईकडून? बरोबर." डोळे उघडायचे. "आहेत की इथेच. उत्तरेच्या भिंतीजवळ."

सगळे उत्तरेच्या भिंतीजवळ. ड्वायर, मकनल्टी, शिकागोचा कोणी कोवाल्स्की, ज्याची आजी कधीतरी आयरिश होती म्हणे, सगळे. एक जपानी जोडपं आलं तेव्हा डीलिया जरा अडली. मग म्हणाली, आमचा एक साधू तिकडे पूर्वेला गेला होता धर्म सांगायला, परत आला, पुरलाय इथेच. कुठे? उत्तरेच्या भिंतीजवळ. बाकीच्या तीन भिंतींजवळ नावं कोरलेली थडगी आहेत, तिथे खोटं पकडलं जाईल. उत्तरेला भिंतच नाही, गवत आहे आणि माझ्या गाई. तिथे कोण काय ताडून बघणार? ओहायोचा एक मोठा वकील तिथे गुडघ्यावर बसून रडला आणि जाताना पणजोबांच्या पायाखालची माती प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेला. मी कुंपणापलीकडून बघत होतो. ती माती नव्हती. पण मी कशाला बोलू?

मठात माणूस दहा मिनिटं थांबायचा. किल्ली परत करायला आला की दुसरा चहा, मग वहीत नाव, गाव आणि अभिप्राय. अशा अठरा वह्या भरल्यात तिच्या, एकोणिसावी चालू आहे.

आता माझं सांगतो. माझं नाव मॅलकी टूही. सत्तर वर्षांत मी डीलियाकडे कधी किल्ली मागितली नाही, पुढच्या फाटकातून कधी आत गेलो नाही. कारण ती उत्तरेची भिंत वाऱ्याने पडलेली नाही. सत्तावन्न साली माझ्या बापाने ती उतरवली आणि तिच्या दगडांचा वासरांसाठी गोठा बांधला. चांगला बांधला, अजून गळत नाही. पण त्याच्या दारावर एक देवदूत आहे. हातात ढाल, नाक फुटलेलं, गाल गुबगुबीत. बापाने तो दगड मापात बसला म्हणून बसवला. मी दर वसंतात त्याच्यावर चुना फासतो आणि दर हिवाळ्यात पाऊस तो धुऊन टाकतो, की पुन्हा हा बघतोय माझ्याकडे. आवाराच्या फाटकावर मी 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावली आहे. 'नासधूस करणाऱ्यास शिक्षा होईल' ही ओळ ज्याने रोज जाता-येता वाचली आहे, त्याला विचारा झोप कशी लागते.

गेल्या मार्चमध्ये डीलियाला डब्लिनहून पत्र आलं आणि पाठोपाठ माणूस आला. डॉक्टर फीअक्रा लेनहन. औषधाचा डॉक्टर नव्हे, दगडांचा. चाळिशीच्या आतला, महागडं जॅकेट, एकही डाग नसलेले गमबूट. डीलियाने मला बोलावून घेतलं होतं, कारण सरकारी माणूस घरात आला की दुसरं कुणीतरी बरोबर असावं अशी तिची पद्धत.

"मिसेस गॉहन," तो म्हणाला, "तुमचं योगदान अमूल्य आहे."

"म्हणजे काढताय मला," डीलिया म्हणाली.

"छे छे! आम्ही तुमचा भार हलका करतोय. आता पाहुणे फोनवरून नोंदणी करतील. फोन फाटकाजवळ धरला की कुलूप आपोआप उघडेल आणि एक आवाज त्यांना सगळा इतिहास सांगेल. आधी आयरिशमध्ये, मग इंग्रजीत. कुणालाच त्रास नको."

"त्रास कुणाला होत होता?"

"तुम्हाला."

"मला?" तिने माझ्याकडे बघितलं. "मॅलकी, मला त्रास होत होता का रे?"

मी कपात बघितलं.

"आमच्या पाहणीत असं दिसलं," लेनहनने एक कागद काढला, "की इथे आलेला माणूस स्मारकात सरासरी नऊ मिनिटं घालवतो आणि किल्ली मिळवण्यात एक तास दहा मिनिटं. हे प्रमाण उलटं हवं, नाही का?"

त्या क्षणी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. साहेब, मागे चला, तिथे एवढं मोठं खिंडार आहे, पुढे सोन्याचं कुलूप लावलंत तरी काय उपयोग. बस, एवढंच. तो मागे आला असता, त्याने डोक्याला हात लावला असता आणि कुलपाचा विषय तिथेच संपला असता. पण मागे आला असता म्हणजे माझ्या आवारातून आला असता, देवदूतासमोरून. मी ब्रेडचा आणखी एक तुकडा घेतला. डीलिया माझ्याकडे बघत होती, जरा जास्तच वेळ. मग ती उठली आणि तिने खिळ्यावरची किल्ली काढली.

लेनहनने हातमोजे घालून ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. "पंधरावं शतक असेल का?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"एकोणीसशे चौतीस. आधीची विहिरीत पडली म्हणून सासऱ्यांनी लोहाराकडून करून घेतली."

त्याने मान डोलावली आणि काहीतरी वेगळंच लिहून घेतलं. आता ती किल्ली डब्लिनला काचेच्या पेटीत आहे. खाली लिहिलंय, 'मध्ययुगीन'.

तसबिरीखाली भिंतीवर किल्लीच्या आकाराचा एक फिकट डाग राहिला. मला तो बघवेना.

उन्हाळा आला, पाहुणे आले. गाडीतून उतरायचे, फोन धरायचे, टुंग असा आवाज यायचा, हिरवा दिवा लागायचा आणि 'आपलं हार्दिक स्वागत' असं डब्लिनच्या नाटकी आवाजात कुणीतरी म्हणायचं. किलताव्हरमध्ये जन्मात कुणी असं बोललेलं नाही. माणसं आत जायची, कानात तो आवाज घेऊन नऊ मिनिटं फिरायची आणि निघून जायची. आपली माणसं कुठे पुरलीत हे त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यामुळे कुणी रडलंही नाही.

डीलियाने पहिले काही आठवडे ब्रेड भाजला. मी दूध घेऊन जायचो तेव्हा अख्खाच्या अख्खा ब्रेड माझ्यापुढे ठेवायची.

"खा. तुझ्यासाठी नव्हता केला, पण खा."

"येत नाहीत का गं कुणीच?"

"येतात की. फाटकापाशी येतात. मी दारात उभी असले तर हात हलवतात." तिने हात हलवून दाखवला, बसमधून हलवतात तसा. "बघून घे मॅलकी, आता मीही स्मारक झाले. फक्त हिरवा रंग तेवढा राहिलाय."

जूनच्या शेवटी ती ब्रेड भाजेनाशी झाली. जुलैत एकदा गेलो तर दुपारचे बारा वाजले तरी चूल थंड. डीलिया कोट घालून खुर्चीत बसलेली, टेबलावर एका वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक. कॅसलबार शहरातल्या. थोरल्या मुलीने पाठवलं होतं.

"चांगलं दिसतंय," ती म्हणाली. "खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. माणसं ये-जा करताना दिसतील."

मला वाईट वाटलं असं म्हणणं म्हणजे स्वतःची भलावण होईल. मला स्वतःची शिसारी आली. एका गोठ्यासाठी मी तोंड बंद ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाईंच्या मागोमाग खिंडारातून मठात शिरलो. फाटकाला आतल्या बाजूने एक जुनी लोखंडी कडी आहे, पॅकीच्या बापाच्या काळातली, गंजून गेलेली. दोन्ही हातांनी ओढली, बोंबलत बोंबलत सरकली आणि फाटक आतून बंद झालं. मग गुपचूप घरी येऊन पडद्याआड बसलो.

साडेअकराला एक गाडी आली. बॉस्टनचं नवरा-बायकोचं जोडपं, दोघांनी एकसारखे हिरवे स्वेटर घातलेले. फोन धरला. टुंग. हिरवा दिवा. आपलं हार्दिक स्वागत. फाटक हललं नाही. पुन्हा फोन, पुन्हा टुंग, पुन्हा स्वागत. नवऱ्याने खांदा लावला. पाच वेळा त्यांचं स्वागत झालं. मग बायकोने आजूबाजूला बघितलं आणि तिला पंपासमोर एक दार दिसलं.

दहा मिनिटांनी डीलियाच्या धुराड्यातून धूर निघाला. मी पडद्यामागे हसलो की काय केलं आठवत नाही.

पण एका गोष्टीचा मी विचारच केला नव्हता. डीलियाकडे किल्ली कुठे होती? चहा पाजला, माणसं विचारली, उत्तरेची भिंत सांगितली, पुढे काय? तासाभराने माझ्या आवाराचं फाटक वाजलं. डीलिया पुढे, मागे दोन हिरवे स्वेटर.

"मॅलकी, तुझ्या आवारातून जातोय आम्ही."

"कुत्रा आहे," मी म्हणालो.

"तुझा कुत्रा नव्व्याण्णव साली मेला. मी आले होते पुरायला. हो बाजूला."

ती ठसक्यात आत शिरली आणि सरळ वासरांच्या गोठ्यासमोर जाऊन थांबली. "हा बघा," तिने काठी वर केली, "मठातला देवदूत. सत्तावन्न सालापासून टूहींकडे पाहुणा आहे." बॉस्टनवाल्यांनी फोटो काढले. बाईने मला विचारलं, हा देवदूत वासरांचं रक्षण करतो का? मी म्हणालो, हो, आजवर एकही वासरू देवाघरी गेलं नाही. ते तिने लिहून घेतलं.

पाहुणे खिंडारातून आत गेल्यावर मी डीलियाला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"गाढवगाडी माझ्या सासऱ्यांची होती, मॅलकी. तुझा बाप दगड काय डोक्यावरून नेणार होता? अख्ख्या गावाला माहीत आहे. तू चुना फासतोस तेव्हा लोक मुद्दाम बघायला येतात."

त्या दिवसापासून माझा नेम ठरला. सकाळी कडी लावायची, संध्याकाळी काढायची. आडवेळी डब्लिनचं कुणी आलं तर फाटक सरळ उघडावं, एवढी अक्कल होती. चोराचा मुलगा मी, खुणा पुसणं रक्तातच असणार. डीलिया पुन्हा ब्रेड भाजू लागली. वृद्धाश्रमाचं पत्रक तिने जळण पेटवायला वापरलं.

सप्टेंबरात लेनहन भर दुपारी येऊन थडकला. कडी अर्थातच लावलेली. फोन धरला. टुंग. स्वागत. फाटक ढिम्म. मी कुंपणाआडून बघत होतो. तोही खांदा लावून बघता झाला, बॉस्टनवाल्यासारखाच. मग रुमालाने जॅकेट झटकत तो डीलियाच्या दाराशी गेला. मी मागोमाग धावलो. आता जे काही होईल ते एकट्या डीलियावर येऊ द्यायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

"मी अभिनंदन करायला आलो होतो," तो दारातच म्हणाला. "तीनशे चाळीस वेळा कुलूप उघडलंय आणि एकही तक्रार नाही. देशात पहिला नंबर. पण फाटक..."

"चहा?"

"नको, मी कामावर आहे."

डीलियाने ओतला. "आईकडची माणसं कुठली तुमची?"

"मिसेस गॉहन, फाटकाचं..."

"आईकडची."

"मॉरन," तो म्हणाला. "लेट्रिमकडचे."

तिने डोळे मिटले. "मॉरन... मॉरन... आहेत. उत्तरेच्या भिंतीजवळ."

लेनहनने कप खाली ठेवला. "तिथे थडगी नाहीत. मी नकाशा पाठ केलाय."

"नकाशात भिंत आहे ना?"

"आहे की."

"मग चला बघायला," डीलियाने काठी उचलली.

आवारातून जाताना तो देवदूतासमोर थांबला. पुढे खिंडारात आला, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, मग ज्या जागी भिंत हवी होती तिथे हात पुढे करून चाचपलं. हवाच होती.

मी टोपी काढली. "माझ्या बापाने केलं. सत्तावन्न साली. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, पण त्यानंतरचा चुना मी फासलाय. आणि फाटकाची कडीही मीच लावतो. डीलियाचा काही संबंध नाही."

"मला हे लिहावं लागेल," लेनहन म्हणाला.

"लिहा."

त्याने पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. एक गाय त्याच्या जॅकेटचा वास घेत होती. "लिहिलं, तर चौकशी होईपर्यंत सगळं बंद करतील. कुंपण, फलक, पहारा. नकाशा दुरुस्त व्हायला अकरा वर्षं. तीसुद्धा लवकर म्हणायची." मग त्याने विचारलं, "मॉरन नक्की कुठे म्हणालात?"

डीलियाने काठीने जागा दाखवली. तो दगडांचा डॉक्टर, तिथे काही नाही हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो त्या गवतात जाऊन उभा राहिला, बिनडागी गमबुटांनी, आणि त्याने हात जोडले. आई याच वर्षी गेली, असं नंतर दुसऱ्या चहाला म्हणाला.

"फाईल बघून कळवतो," जाताना तो म्हणाला. डब्लिनचा माणूस असं म्हणाला की निदान माझ्या हयातीत काही होत नाही. वहीत त्याने नाव लिहिलं आणि अभिप्रायाच्या रकान्यात: 'सर्व भिंती समाधानकारक'.

त्याची गाडी वळणाआड गेली तशी डीलियाने वही माझ्याकडे सरकवली.

"बस."

"मी? मी कशाला?"

"सत्तर वर्षं मठात जातोस, एकोणीस वह्यांत कुठे तुझं नाव आहे का? बस म्हणते ना. तुझी माणसं कुठली?"

"डीलिया, पुरे की."

"वहीसाठी विचारतेय."

"टूही," मी म्हणालो. "किलताव्हरचे." आणि डोळे का भरून आले कुणास ठाऊक, चहा गरम असावा. "उत्तरेच्या भिंतीजवळ."

"खोटं," ती म्हणाली. "तुझी माणसं दक्षिणेला आहेत, बाप आणि आई दोघं, मी दर नोव्हेंबरात तिथे मेणबत्ती लावते. तू मागच्या मागे येतोस आणि तिकडे फिरकत नाहीस. उत्तरेची भिंत तेवढी तुझ्याकडे आहे."

मी नाव लिहिलं. अभिप्रायात बराच विचार करून लिहिलं, 'दगड परत आणून देतो.'

डीलियाने चष्मा लावून ते वाचलं, पेन घेतलं आणि ती ओळ खोडली.

"देवदूत तेवढा आण, तुझ्या बापाच्या उशाशी ठेवू. भिंतीला हात लावायचा नाही. भिंत उभी राहिली तर माणसांना नेऊ कुठून?" तिने माझ्या कपात तिसरा चहा ओतला. "आणि त्या कडीला तेल घाल रे बाबा. रोज पहाटे माझी झोप मोडते."